बुनपेंगची नागीण

बुनपेंगच्या बाकावर येऊन बसणारा माणूस आधी शर्ट वर करी आणि मग आपलं नाव सांगे. माणसाच्या नावाची बुनपेंगला फारशी गरज नसे, रोगाचं नाव तो स्वतःच देई. गोल, कडेला खवले असलेला तो नायटा. पाठीवर पांढरट ठिपके पसरले की शिबं. घटकाभरात अंगभर उठून घटकाभरात विरणारी गांधी, तिला इथे, ईसान भागात, ‘विषारी वारा’ म्हणतात. पाय लालभडक होऊन ताप चढला तर तो ‘शेतातला वणवा’. अशा माणसाला मात्र तो मुकाट्याने आरोग्य केंद्रात पिटाळी. वणव्यावर फुंकर घातल्याने काय होतं, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही.

राहिली नागीण. बुनपेंगचं नाव होतं ते तिच्यामुळे. एका कुशीला आधी ठणका, मग पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा. बुनपेंग भाताची दारू तोंडात घेई, मंत्र पुटपुटे आणि विड्याच्या पानावरून फवारा मारी. पट्टा कमरेभोवती फिरून नागिणीचं तोंड शेपटाला मिळालं की माणूस गेला, हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या हाताखाली एकही नागीण मिळाली नव्हती. नदीपलीकडच्या गावात फुंकर घालणारा कोणी नव्हता आणि तिथेही एकही मिळाली नव्हती, पण त्या गोष्टीचा विचार करण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. रोगाला एकदा साप म्हटलं की त्याला तोंड, शेपूट आणि वाईट हेतू आपोआप येतात.

मग वहिनीला नागीण झाली.

लामदुआन त्याच्या थोरल्या भावाची विधवा. आई गेल्यावर बुनपेंगला भरवलं, न्हाऊ घातलं ते तिनेच. डाव्या कुशीवर फोड दिसले तेव्हा ती निर्धास्त होती. “आपला बुनपेंग आहे की,” असं म्हणून ती हातमागावर जाऊन बसली.

निर्धास्त नव्हता तो बुनपेंग. परक्याला पुरते ती फुंकर वहिनीला पुरेल असं त्याला वाटेना. त्याने चित्रकाचं मूळ ठेचलं, दारूत कालवलं, फडक्याला चोपडलं आणि ते फडकं तिच्या कमरेभोवती गुंडाळून वर दोरी बांधली. चित्रक कातडीला भाजतं हे त्याला माहीत होतं. सापाला थोडी आग दाखवावीच लागते, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं, तर लालबुंद पट्टा डाव्या कुशीवरून पोटावरून थेट उजवीकडे गेलेला.

“मिळाली!” शेजारची बुआफान ओरडली आणि मग तोंडावर हात ठेवून तीच बातमी गावभर सांगत सुटली.

लामदुआनने आरडाओरडा केला नाही. तिने रेशमाचे किडे बुआफानला देऊन टाकले, अंत्यविधीला ठेवायचा फोटो मोठा करून, फ्रेम लावून आणवला (त्यात ती वीस वर्षांनी तरुण होती) आणि भात खाणं बंद केलं. बँकॉकहून लेक निघाली. खांबांवरच्या घराखाली, सावलीत, चटया पडल्या. लोक येऊन बसत, सुपारी चघळत आणि वर बघत.

 बुनपेंग आरोग्य केंद्रात गेला, तेही रक्तदाबाच्या गोळ्यांचं निमित्त करून. विलायवान ही तिथली तरुण परिचारिका.

“गोळ्या तर परवाच नेल्यात, काका.”

“हो का? बरं, नागीण कधी मिळते का गं?”

“हर्पीस झोस्टर. एका मज्जातंतूच्या वाटेने जातो, तो सहसा अंगाच्या मधोमध येऊन थांबतो. कोणाची मिळाली?”

“एकाची. असंच ऐकलं.”

“उजवीकडेही फोडांचे झुबके आहेत?”

“नाही. नुसतं लाल. आग होते. कडा अगदी सरळ, पट्टीने आखल्यासारखी.”

विलायवानने पेन खाली ठेवलं. “साप सरळ कडेने चालत नाही, काका. फडकं चालतं. काय बांधलं होतंत?”

“मी? छे!”

“वहिनींना घेऊन या. गोळ्या वेळेत सुरू व्हायला हव्यात.”

“वहिनी म्हणालो मी?”

“सगळं गाव म्हणतंय.”

वाटेत त्याला विलायवानचं पटलं आणि घरी येईपर्यंत ते पटणं उतरलं. पोरगी शिकलेली, पण सापाला काय माहीत? शेवटी त्याने तेच मूळ, तीच दारू, तेच फडकं घेतलं, आपल्याच कमरेला आवळलं आणि जिवाला घोर लावून बसला. भाजायला लागलं तसा त्याला धीर येत गेला. इतकं दुखणं सुखाचं वाटलेला ईसानातला तो पहिलाच माणूस असावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चटयांमधून वाट काढत वर गेला.

“वहिनी, उठा. हे बघा.” त्याने शर्ट काढला.

लामदुआनने डोळे उघडले. “मेल्या! तुलाही?”

“नागीण नाही ही. माझं औषध. चित्रकानं भाजलंय. तुमच्याही उजव्या बाजूला तेच. चूक माझी, वहिनी.”

खालची सुपारी चघळणं थांबलं.

लामदुआन उठून बसली. तिने त्याला हाताने गोल फिरवला, लहानपणी कानामागे मळ शोधायची तसा. “तुझी पूर्ण मिळालीय.”

“मी काटकुळा, मला फडकं पुरलं.”

“म्हणजे मला नाही पुरलं? बुआफान, ये वर. माझी पाठ बघ.”

बुआफानने पाठ बघितली. इतके दिवस कोणाची हिंमत झाली नव्हती. कण्यापाशी, जिथे फडक्याची टोकं एकमेकांना पोचली नव्हती, तिथे चार बोटं कातडी कोरी होती.

“नाही मिळाली!” ती खाली बघून ओरडली. “बुनपेंगनं जागा सोडलीय!”

“मी नाही सोडली. फडकं अपुरं—”

“गप रे,” लामदुआन म्हणाली. “भात आण. आणि मिरचीची चटणी. किडे परत दे गं, बुआफान.”

भात खाऊन ती आरोग्य केंद्रात गेली, गोळ्या घेतल्या, बरी झाली. बुनपेंगने ज्याला त्याला खरं ते सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि ठरवलं की वैद्य असावा तर असा, वहिनीची नागीण त्याने स्वतःच्या अंगावर घेतली. बाकावरची गर्दी वाढली. चित्रकाचं मूळ त्याने नदीत फेकलं, आणि नागिणीचा माणूस आला की आधी विलायवानकडे धाडू लागला.

लामदुआन मात्र रोज सकाळी त्याच्याकडे चिकट भात घेऊन येई, त्याचा शर्ट वर करून बघे आणि उसासा टाके. फ्रेम तिने जपून ठेवली होती. आतला आपला फोटो मात्र काढून घेतला होता.

आपल्या कमरेवरच्या पट्ट्याचं कारण बुनपेंगला पक्कं ठाऊक होतं. तरी ती घरी परतली की तो आरसा पाठीमागे धरून बघे, कुठे बोटभर तरी जागा सुटलीय का.