शर्यत थांबवायचा अधिकार

अन्याय झाला तो खोडाळ्याकडच्या नववीतल्या एका मुलीवर. यंदाच्या जानेवारीत, जव्हारच्या मैदानावर, आठशे मीटर संपल्यावर आणि रिले सुरू व्हायच्या आधी. तेवढ्या वेळात तिचा गुडघा वाचला असता. मी तिथेच होते, गळ्यात ‘ट्रेनर’ लिहिलेलं कार्ड घालून.

ट्रेनर म्हणजे पळायला शिकवणारी नव्हे. पडलेली मुलगी पुन्हा खेळू शकते का, हे सांगणारी. हे शिकायला मी जव्हारजवळच्या साखरशेत गावातून मुंबईला गेले. माझ्या वर्गातला एक जण आज कबड्डी संघाबरोबर फिरतो, एक क्रिकेट अकादमीत आहे, एक जणी रुग्णालयात ऑपरेशन झालेल्यांना पुन्हा चालायला शिकवते. मी परत आले. इथली पोरं अनवाणी पळून पदकं आणतात आणि विशीत लंगडतात, म्हणून. शाळांनी मला स्पर्धेपुरतं बोलावलं. दुखऱ्या पायावर वेदनाशामक स्प्रे मारायला.

शेवटच्या वळणावर त्या मुलीचा पाय खड्ड्यात गेला. तरी ती दुसरी आली आणि रेषेपलीकडे कोसळली. मी गुडघा हातात घेतला. बिजागरी निखळलेल्या दारासारखी नडगी पुढे सरकत होती.

“ही आज पळणार नाही,” मी तिच्या क्रीडाशिक्षकांना म्हटलं.

“मॅडम, रिलेचा शेवटचा टप्पा तिचा आहे. ट्रॉफी हातात आलीय.”

“लिगामेंट गेलंय, सर.”

मग त्यांना आठवलं की मी पायाळू आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात, त्याने लाथ लावली की पाठीत भरलेली उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. लहानपणी आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बायका आमच्या अंगणात पालथ्या पडायच्या आणि मला पाठीवर पाय ठेवायला लावायच्या. सर ‘मॅडम’वरून थेट ‘तू’वर आले.

“तू पायाळू ना गं? लाव की पाय. देवानं फुकट दिलेलं, ते शिकायला मुंबईला कशाला गेलीस?”

लोक हसले.

“उसण पाठीत भरते, सर. हा गुडघा आहे.”

“हाड ते हाडच.”

मी नाही म्हटलं. तेव्हा सरांनी शाळेच्या वसतिगृहाच्या स्वयंपाक्याला बोलावलं, तोही पायाळू. “पोर रडते वो सर,” तो म्हणाला. सरांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने सुजलेल्या गुडघ्यावर टाच दाबली. मुलीने शर्टाची बाही दातांत धरली.

“बरं वाटतंय ना?” सरांनी विचारलं. सगळी शाळा भोवती उभी. ती काय म्हणणार?

“हो सर.”

मी पंचांकडे धावले. पंच म्हणाले, शाळा ठरवेल. मुख्याध्यापक म्हणाले, मुलगी हो म्हणालीय, तुम्ही कशाला अपशकुन करता? मी तिच्या लेनमध्ये जाऊन उभी राहिले, तर स्वयंसेवकांनी मला दंडाला धरून बाजूला केलं.

तिने बॅटन घेतलं. वळणावर गुडघा आतल्या बाजूला दुमडला. तो आवाज मी ऐकला. ती जमिनीवर पडलेली असताना सर ओरडत होते, “बॅटन सोडू नको.”

ट्रॉफी दुसऱ्याच शाळेने नेली. डॉक्टर म्हणाले, लिगामेंटबरोबर गुडघ्याची गादीही फाटली. पोलीस भरतीसाठी पळत होती ती मुलगी. पावसाळ्यात मी तिच्या घरी गेले तेव्हा घरचे सगळे चिखलात आवणी करत होते आणि ती बांधावर एक पाय लांब करून बसली होती. तिची आई वाकलेलीच, मान वर न करता म्हणाली, “तुमी तिथंच हुत्या ना, बाय? मग?”

मला परत बोलावलेलं नाही. स्प्रे आता सरच मारतात.

तुमची मुलगी या हिवाळ्यात पळणार असेल, तर शिट्टी वाजायच्या आधी मुख्याध्यापकांना सगळ्यांसमोर विचारा: पडलेल्या पोरीला शर्यतीतून बाहेर काढायचा शेवटचा शब्द कुणाचा? ‘ट्रेनरचा’ असं तिथल्या तिथे लिहून देत नसतील, तर तिचा हात धरा आणि तिला घरी घेऊन जा.