सरांचं लाइव्ह गाऱ्हाणं

सरांनी माझी काजूची शेड एका दुपारपुरती मागितली, तेव्हा मी दोनच प्रश्न विचारले. माणसं किती, आणि पोती हलवावी लागतील का?

"पोती हलवू नकोस," सर म्हणाले. "पोती आवाज खातात. त्यांच्यासाठीच तर आलोय."

सरांनी आमच्या हायस्कूलात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मलाही. बाकीचा वेळ ते इलेक्ट्रिक गिटार वाजवून ब्लूज गायचे. गिटार त्यांना गोव्यातल्या मामांनी दिलेली. आमच्या भागात लग्नाला वाजवणाऱ्यांना मागणी बरी असते, पण लग्नात लोकांना नाचायचं असतं आणि सरांची गाणी कण्हायची. त्यामुळे एका घराचं बोलावणं एकदाच यायचं.

"ब्लूज म्हणजे नेमकं काय हो?" मी विचारलं.

"माणसाची तक्रार. एक ओळ सांगायची, तीच परत सांगायची आणि तिसऱ्या ओळीत खरं दुखणं काढायचं."

"म्हणजे गाऱ्हाणं."

"तसंच काहीतरी," सर म्हणाले. त्यांना ते फारसं आवडलं नसावं.

मग त्यांनी डावा हात पुढे केला. अनामिका वाकली होती आणि सरळ होत नव्हती. आठ दिवसांनी गोव्यात ऑपरेशन होतं, आणि नंतर बोट तारेवर पूर्वीसारखं चालेलच असं डॉक्टर सांगत नव्हता. त्याआधी सरांना एक अल्बम करायचा होता. एक पूर्वी झाला होता, बंद खोलीत. तो ऐकून त्यांची मुलगी म्हणाली होती, "पप्पा, कपाटात अडकल्यासारखे वाटता." म्हणून आता लाइव्ह, माणसांसमोर.

माणसं माझ्याकडे होती. काजू फोडणाऱ्या आणि सोलणाऱ्या चौदा बायका. त्यांना मी सांगितलं, दुपारी काम बंद, गाणं ऐकायचं, मग सगळ्यांना जेवण. जेवण शब्दाला सगळ्यांनी होकार दिला.

गोव्याहून रेकॉर्डिंगवाला आला. धिप्पाड माणूस, मिशी पांढरी, बोलणं कमी. जनरेटर लावायचा का, असं मी विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. जनरेटर लावला तर अल्बम जनरेटरचाच झाला असता.

माझ्या सासऱ्यांना घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून त्यांनाही खुर्चीत आणून बसवलं. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा आहे. देवाला सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात सांगायचं, काय अडलंय आणि काय हवंय, आणि दर वाक्याला गावानं होकार भरायचा. ऐंशी ओलांडली तरी हे काम त्यांनी कुणाला सोडलेलं नाही. सरांचा ॲम्प्लिफायर बघून ते म्हणाले, "नारळ ठेवल्याशिवाय पेटी चालू करू नकात." सरांनी हसून मान डोलावली. नारळ आला.

"बा देवा म्हाराजा, आज जो काय ह्यो कार्यक्रम मांडलेलो आसा..."

"व्हय म्हाराजा!" चौदा बायका एकदम.

"...तेच्यात काय इघ्न इला, तर ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पत्र्याचं छप्पर थरथरलं. रेकॉर्डिंगवाल्यानं कानावरचा हेडफोन काढून बघितलं आणि सरांना म्हणाला, हा असा आवाज पाहिजे, श्रोते असेच पाहिजेत.

पण सर गिटार घेऊन उभे राहिले आणि सगळं बिघडलं. चौदांपैकी अकरा जणी त्यांच्या विद्यार्थिनी. सर समोर उभे राहताच अकराही जणींनी हाताची घडी घातली. उरलेल्या तिघींनी त्यांचं बघून घातली. पहिलं गाणं संपलं. कुणी हलेना.

"टाळी केवा मारूची गो?" एकीनं हळूच विचारलं.

"सर सांगतीत तेवा," दुसरी म्हणाली.

इंग्रजी कळत नाही म्हणून असेल, असं मला वाटलं. दुसऱ्या गाण्याआधी मी उभी राहून अर्थ सांगितला. सरांनी मला तो आदल्या दिवशी सांगितला होता. "ह्या गाण्यात सरांची बायको त्यांका सोडून गेली आसा."

सरांची बायको पहिल्याच रांगेत होती. "मी खंय गेलंय? सकाळपासून हंयच बसलंय!"

यावर हसणं झालं, पण ते गाण्याआधी झालं. गाणं सुरू होताच परत घडी. तीस वर्षं ज्यांनी गप्प बसवलं, त्या सरांसमोर बोलणार कोण? रेकॉर्डिंगवाल्यानं सांगून टाकलं की हे पुन्हा कपाटच आहे, फक्त मोठं. सर वाकलेलं बोट दुसऱ्या हातानं चोळत राहिले.

तिसरं गाणं अर्ध्यावर आलं आणि वीज गेली.

गिटार मेली. पंखे थांबले. रेकॉर्डिंगचं यंत्र बॅटरीवर होतं, ते चालूच राहिलं. सर एरवी शुद्ध बोलतात, पण संतापले की मालवणीवर येतात. हातात मुकी गिटार आणि घशात सूर तसाच. तो सूर न सोडता त्यांनी आळवलं,

"दीसभर लाईट होती, माका तेची गरज नव्हती..."

थांबले. परत तेच.

"दीसभर लाईट होती, माका तेची गरज नव्हती... आता गिटार हातात घेतलंय, तर मेली लाईट गेली!"

मागच्या पोत्यांपाशी कुणाच्या तरी तोंडून सवयीनं निघून गेलं, "व्हय म्हाराजा!"

सरांनी मान वर केली. शाळेत अशी मान वर झाली की आम्ही बाकाखाली जायचो. पण ते पुढची ओळ म्हणाले.

"तीस वर्सां शिकवलंय, एक पोरगो इंग्लिश बोलाक शिकलो नाय..."

"व्हय म्हाराजा!" विद्यार्थिनींचा आवाज सगळ्यात मोठा.

घड्या सुटल्या. एकीनं काजूचा डबा उलटा करून ताल धरला. घरच्या चहात साखर नाही, व्हय म्हाराजा. बायको सोडून जात नाही, व्हय म्हाराजा, आणि हे सरांच्या बायकोनंच ठासून म्हटलं. मग खालच्या सुरात, "आठ दिसांनी डॉक्टर माझा बोट कापतलो," आणि त्यालाही व्हय म्हाराजा. एवढ्यात वीज आली. गिटार अशी कडाडली की सासरे खुर्चीत दचकले. त्यानंतरची तीन गाणी इंग्रजीत झाली, पण होकार चुकला नाही.

शेवटी टाळ्या सुरू होणार, तेवढ्यात सासरे काठी टेकून उभे राहिले.

"थांबा! गाऱ्हाणा घातलात, मागणा खंय आसा? देवाक नुसती कागाळी सांगून गप रवतंत?"

सर म्हणाले, "काका, ब्लूजमध्ये मागणं नसतं."

"म्हणान तुमचा बोट बरा होणा नाय," सासरे म्हणाले आणि सुरू झाले. "तर बा देवा म्हाराजा, ह्या सरांच्या बोटाक जी काय पीडा आसा, ती डॉक्टराच्या हातान दूर कर, आणि ह्या बोट परत तारेर चलानदी रे म्हाराजा!"

तो होकार अल्बममध्ये शेवटी आहे. तो ठेवायचा, असं रेकॉर्डिंगवाल्यानं कुणाला न विचारता ठरवलं. सरांच्या मुलीनं अल्बम ऐकला आणि विचारलं, हा महाराजा कोण? सरांनी सांगितलं, आमचा ड्रमर.

ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी सर शेडवर आले. बोट सरळ होत होतं, तारेवर चालत होतं, पण पूर्वीपेक्षा सावकाश. गाणी आता कण्हतात त्याहून जास्त कण्हतील, असं तेच म्हणाले. हातात नारळ होता.

"मागणं पुरं झालं," ते जरा अवघडून म्हणाले. "आमच्या चर्चमध्ये हे नसतं. कुठे ठेवू?"

सासऱ्यांनी काठीनं कोपरा दाखवला. ॲम्प्लिफायर जिथे ठेवला होता, ती जागा. सरांनी नारळ तिथे ठेवला आणि एक मिनिट हाताची घडी घालून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी तिथे पोती लावायची होती. मी नारळ फोडला आणि चौदाजणींना पुरेल एवढी सोलकढी केली.