मिआओ काकूंचा ठरलेला प्रश्न

आमच्या वसाहतीत अजूनही सांगतात, की सहाव्या मजल्यावरच्या मिआओ काकूंना बिल्डरने अकराव्या मजल्यावरचा नवाकोरा फ्लॅट फुकट दिला होता. "फुकट! गिऱ्हाइकं गळाला लावल्याची बक्षिसी!" तळमजल्यावरच्या फंग आजी हे सांगताना तोंडातली सुपारी ह्या गालातून त्या गालात ढकलतात, आणि 'बक्षिसी' म्हणताना त्यांचा डावा डोळा आपोआप मिटतो.

फुकट काहीही नव्हतं. काकूंनी नवराबायकोची होती नव्हती ती शिल्लक बुकिंगला भरली, आणि बाकीचे हप्ते थान काकांच्या पेन्शनीतून जात राहिले. फ्लॅट बांधलाच गेला नाही, तरी जात राहिले. गिऱ्हाइकं गळाला लावण्याचं मात्र अर्धं खरं आहे. पण आमच्या वसाहतीतलं एकच गिऱ्हाईक त्या गळाला लागलं. त्या स्वतः.

थान काका, म्हणजे काकूंचे यजमान, मोटर कारखान्यात क्रेन चालवायचे. आमच्या इमारती कारखान्यानेच बांधलेल्या, सहा मजली. बांधल्या तेव्हा सगळे तरुण असणार, लिफ्टचं कुणाच्या मनातही आलं नसेल. खुब्याचं हाड मोडल्यापासून काका खाली आले नव्हते. अंगाने धिप्पाड, पाठीवर घ्यायचं म्हटलं तर जिन्याच्या वळणावर दोघंही अडकायचे. त्यामुळे काका दिवसभर खिडकीत बसत आणि दोरीला टोपली बांधून खाली सोडत.

"ए मैने! हिरव्या मिरच्या घाल! तिखट!"

मी घालायची. टोपली वर जायची, आणि मग गर्जना. "ह्या मिरच्या? ह्या बाळंतिणीला घालतात! परत घेऊन जा!"

मैना मीच. मी सगळ्यांचे आवाज काढते म्हणून हे नाव काकांनी ठेवलं. पिंजऱ्यातल्या मैनेला निदान शिव्या तरी कमी येतात, असं ते म्हणत.

काकूंना गळाला लावायचं काम मिळालं ते कुणाच्या तरी मेव्हण्याच्या ओळखीने. शनिवार-रविवारी बस यायची आणि वीसपंचवीस माणसं भरून 'सारस-खाडी' नावाच्या नव्या वसाहतीच्या विक्री दालनात नेऊन सोडायची. तिथे खाडी नव्हती, आणि सारस होता तो जाहिरातीच्या फलकावर. माणसांनी फक्त गिऱ्हाईक असल्यासारखं वागायचं. दिवसाचा रोज मिळायचा, वर जेवणाचा डबा. मॅनेजरचं नाव छ्यू, नाकात बोलायचा.

"चपला नकोत, बूट घालून या. एकमेकांना ओळख दाखवू नका. आणि प्रश्न आपापलाच विचारा, दुसऱ्याचा नको! तुम्ही दोघं शाळेचं. तुम्ही पार्किंग. काकू, तुम्ही लिफ्ट."

मीही अधूनमधून काकूंची भाची म्हणून जायचे. मधोमध टेबलावर सगळी वसाहत मांडलेली, बोटाएवढ्या इमारती, त्यांत दिवे, प्लास्टिकची झाडं. आम्ही सगळे इकडेतिकडे उगाच रेंगाळत असायचो. दारातून खरं गिऱ्हाईक शिरलं की छ्यू खोकायचा, आणि वीस माणसं एकदम जागी व्हायची.

"बाळा, ह्या इमारतीला लिफ्ट किती?" काकू टेबलाशी जाऊन मोठ्याने विचारायच्या.

"दोन, काकू!" विकणारा पोरगा त्याहून मोठ्याने. "आणि त्यातली एक अशी, की आख्खी खाट आत जाईल! वर माणूस झोपलेला असला तरी!"

"अगं बाई!" काकू म्हणायच्या. तेही ठरलेलं. मग कोपऱ्यात घंटा वाजायची. कुणीतरी खरंच बुकिंग केलं म्हणून, किंवा कुणी करत नाही म्हणून.

काकूंनी हे आठवड्यामागून आठवडे केलं. मग एका शनिवारी 'अगं बाई' म्हणायच्या ऐवजी त्यांनी विचारलं, "लिफ्टचं दार केवढं रुंद आहे रे?"

पोरगा गडबडला. हे त्याला शिकवलेलं नव्हतं.

"आत चाकाची खुर्ची वळते का? की उलटं बाहेर यायचं? आणि लाइट गेली तर?"

छ्यू त्यांना पडद्यामागे घेऊन गेला. "काकू, तुम्हाला एकच प्रश्न दिलाय. हे बाकीचे कुणी दिले?"

"मलाच पडले," काकू म्हणाल्या.

परत येताना बसमध्ये मी छ्यूचं खोकणं करून दाखवलं, सगळी बस हसली, त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या महिन्यात त्यांनी त्याच टेबलावर बसून सही केली. घंटा वाजली, आणि छ्यू नाकातून म्हणाला, "काकू, आज खरंच?"

घरी जे भांडण झालं ते खाली अंगणात सगळ्यांनी ऐकलं. मी तर टोपलीच्या दोरीलाच टेकून उभी होते.

"म्हातारे, वेड लागलं का तुला? तिथली सगळी माणसं खोटी, हे तूच मला सांगतेस!"

"माणसं खोटी आहेतच. मी त्यांच्यातलीच. पण लिफ्ट कशी खोटी असेल? लिफ्टला काय रोज देतात?"

"अकरावा मजला कशाला?"

"तू जन्मभर क्रेनवर बसलास. तुला खालून जग बघता येतं का?"

ह्यावर वरून काकांनी टोपली ओढून घेतली. त्या आठवड्यात फंग आजीही वर जाऊन सांगून आल्या, की त्यांच्या शेजारचं तळमजल्यावरचं घर विकायला आहे. स्वस्त आहे, जिना नाही, दार उघडलं की रस्ता. काकूंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "आजी, वसंतात तुमच्या भिंतींना पाणी सुटतं. आणि आमच्या म्हाताऱ्याने खिडकीत बसून काय बघायचं, लोकांच्या चपला?" खुद्द म्हाताऱ्याला कुणी विचारलं नाही.

मग एक बरं वर्ष गेलं. काकांच्या खिडकीतून इमारत दिसायची नाही, मध्ये गोदामाचं छप्पर यायचं. पण बांधकामावरच्या क्रेनचा हात छपरावरून दिसायचा. काका तो बघत बसत आणि टोपलीबरोबर बातम्या खाली सोडत. "आज लोखंड चढवतायत!" "नवा पोरगा दिसतोय क्रेनवर. झटके देतो गाढव!" खाली उतरल्यावर पहिल्यांदा कुठे जायचं, हेही ठरलं होतं. नदीकाठी. जाऊन करायचं काही नाही, फक्त पाय जमिनीवर टेकवून बसायचं.

आणि नवव्या मजल्यावर काम थांबलं. बिल्डरचा पैसा संपला की त्याने दुसरीकडे नेला, ते आम्हाला कळलं नाही. छ्यूचा फोन लागेना. शनिवारची बस आली नाही. दालनाला कुलूप लागलं, आणि फाटकाबाहेर खरी गिऱ्हाइकं ओरडत उभी राहिली. त्यांतल्या एका बाईने काकूंना ओळखलं. "हीच ती! हीच लिफ्ट विचारत होती! माझ्यासमोर विचारलं हिने!" काकूंनी पिशवीतून स्वतःचा करार काढून तिच्यापुढे धरला. ती बाई वाचत राहिली, मग दोघी फाटकाजवळच्या कठड्यावर शेजारी शेजारी बसल्या.

काकांना काही सांगायचं नाही, असं काकूंनी सगळ्यांना बजावलं. दर शनिवारी त्या बूट घालून निघायच्या, भाजीबाजारात दुपारपर्यंत बसायच्या आणि घरी जाऊन सांगायच्या. "आज फार गर्दी. अकरावा झाला बघ." पुढच्या महिन्यात, "खिडक्या आल्या." त्यानंतर, "फरश्या. पांढऱ्या. तुला आवडणार नाहीत." काका मला वरून विचारत, "मैने, खरं का गं?" मी छ्यूच्या आवाजात ओरडायचे, "खरं, साहेब! लवकरच ताबा!" काका म्हणत, "वेग चांगला आहे."

एकदा बाजारात काकूंच्या शेजारी बसून मी म्हटलं, "काकांना खरंच काही कळलेलं नाही."

"त्याला माहीत आहे," काकू म्हणाल्या.

"शक्य नाही. काल मला विचारत होते, की फरशी घसरडी नाही ना."

"माहीत आहे त्याला. लाव पैज."

"लावली. शेवयांचे दोन वाडगे. पण मग तुम्ही दर शनिवारी नवं नवं कशाला सांगता?"

काकू पालेभाजीची पिवळी पानं खुडत होत्या. "तो 'वेग चांगला आहे' म्हणतो ना. मग त्याच्या आधी मी कशी थांबू?"

त्या हिवाळ्यात काकांच्या छातीत कफ भरला. रुग्णवाहिकेची माणसं वर आली आणि जिन्याचं वळण बघून त्यांनी स्ट्रेचर तिथेच भिंतीला उभं केलं. शेवटी वेताच्या खुर्चीला बांबू बांधले आणि माझ्या बाबांसकट चौघांनी काकांना उचललं. काकू पुढे, एकेक पायरी उलट्या उतरत, काकांचे गुडघे धरून. मी मागे, प्राणवायूची पिशवी घेऊन. तिसऱ्या मजल्यावर चौघांना धाप लागली, खुर्ची खाली टेकवली.

काका भिंतीकडे बघत होते. तिथला रंग उडाला होता, ते त्यांना नवं असणार.

"म्हातारे," ते म्हणाले, "त्या इमारतीला लिफ्ट किती म्हणाली होतीस?"

"दोन," काकू म्हणाल्या.

"एक तरी आधी बसवायची होती त्यांनी."

 बाबा उगाच बांबूची गाठ तपासायला लागले.

"क्रेनवर माणूस असला की तिचा हात असा वाऱ्यावर फिरत नाही गं," काका म्हणाले. मध्ये मध्ये श्वास घेत होते. "वर्ष झालं. वारा फिरवतोय तिला. फरश्या मात्र छान निवडल्यास."

"पांढऱ्या," काकू म्हणाल्या. "घाण लगेच दिसते."

"मग बदलून घे."

"घेते. आता बोलू नकोस."

चौघांनी खुर्ची उचलली. खाली अंगणात काकांनी क्षणभर थांबायला सांगितलं, पण रुग्णवाहिकेतला माणूस घाई करत होता. पाय जमिनीला टेकायच्या आत त्यांना आत घेतलं.

ते परत आले नाहीत. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे अंगणात मांडव पडला, मयताचे फटाके लागले, रात्री जागायला म्हणून तीन दिवस मांडवात माहजोंगचे, म्हणजे सोंगट्यांचे, डाव चालले. फंग आजींनी सगळ्यांत मोठ्याने रडून घेतलं. पुढच्या महिन्यात हप्ता गेलाच. काका गेल्यावर पेन्शन थांबली, म्हणून काकू आता एका शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासतात. सारस-खाडी तशीच आहे. दुसरा बिल्डर येणार, असं दर सहा महिन्यांनी कुणीतरी सांगतं.

मांडव काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी आमचं दार वाजवलं. "मैने, दोन वाडगे देणं लागतेस."

मला वाटलं, हे काय आता. पण त्या बूट घालून उभ्या होत्या. आम्ही चौकातल्या गाडीवर गेलो. मी दोन वाडगे शेवया सांगितल्या, तिखट जास्त, एक त्यांना, एक मला. मी खायच्या काड्या उचलल्या, तर त्यांनी माझा वाडगा स्वतःकडे ओढला.

"तू हरलीस ना? मग दोन्ही माझे."

आणि त्यांनी दोन्ही संपवले. घाई न करता, रश्श्यासकट. नाकातून पाणी येत होतं, ते मिरचीचं, असं त्या म्हणाल्या. मी पैसे दिले.