कंडक्टरनाना आणि बाबागाड्यांची फेरी

आमच्या नानांच्या लेखी या जगात दोनच गोष्टी होत्या, प्रवासी आणि सामान. तिसरं काही असू शकतं हे त्यांनी कधी मान्य केलं नाही. माजघरात कुणी फणस आणून ठेवला की विचारायचे, "हे सामान कोणाचं? वाटेत ठेवू नये." पाहुणे आले की ओसरीवरून हाक यायची, "प्रवासी आले गो, जागा करा." एकदा माझ्या सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, भर पंगतीत विचारलं, "आणि मी कशात मोडते हो? सामानात की प्रवाशांत?" नाना हातातला घास तसाच धरून थांबले आणि म्हणाले, "तू डेपो मॅनेजर." पंगत हसून आडवी झाली. माईंनी नाक उडवलं खरं, पण त्या दिवशी नानांच्या वाटीत सोलकढी न मागता पुन्हा पडली.

नाना माझे सासरे. रत्नागिरी-पावस मार्गावर एस.टी.चे कंडक्टर म्हणून त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. गावात त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, कंडक्टरनाना म्हटलं की पोस्टमनसुद्धा बरोबर आमच्या दारात यायचा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन या घरात आले. उंबरठ्यावर माप ठेवलेलं, माई ओवाळायला उभ्या, आणि ह्यांच्या मित्रांनी दारात ही गर्दी केलेली. आतून नाना ओरडले, "दार सोडा! आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या!" मी खाली मान घालून उभी होते ती फस्सकन हसले. माप ओलांडताना हसलेली सून म्हणून पुढे बरीच वर्षं माझं नाव निघत राहिलं.

मुलगा झाला तेव्हा नाना पाळण्यात वाकून बराच वेळ बघत राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "बसत नाय तोवर सामान." मला राग यायला हवा होता. पण ज्या दिवशी पोर आधाराशिवाय बसलं, त्या दिवशी नाना बाजारातून पेढे घेऊन आले आणि आळीत घरोघर सांगत सुटले, "आमचा प्रवासी झाला हो!"

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांचे हाल बघवेनात. अंगणात उभे राहायचे तेही पाय फाकवून, गुडघ्यात किंचित वाकून. घर आता वळण घेणार असंच वाटायचं. कशाला धरायचे नाहीत. माई म्हणायच्या, "बसा हो जरा. जमीन कुठं जात नाय." नाना म्हणायचे, "सवय मोडली की तोल जातो." रोज दुपारी स्टँडवर जाऊन यायचे. तिथली नवी पोरं त्यांना चहा पाजायची, पण चहा पिऊन परत आलेले नाना अधिकच गप्प असायचे. माणसाला काम नसलं की तो घरात कसा अडचणीसारखा वावरतो, ते मी तेव्हा पाहिलं. मला फार वाईट वाटायचं.

अशात एका मे महिन्यात गावाबाहेरच्या कातळावर आनंदमेळा आला. आकाशपाळणा, फिरते घोडे, हसवणारे आरसे, गोल भिंतीवर मोटारसायकल चालवणारा माणूस, सगळं होतं. मेळ्याचे मालक घाटावरचे. गडी मोठ्या आवाजाचा, मनानं वाईट नव्हे. सगळे त्यांना शेठ म्हणायचे. त्यांना फाटकावर गावातला, लोक ऐकतील असा माणूस हवा होता. कुणीतरी नानांचं नाव सांगितलं. शेठनी त्यांच्या शर्टाला पितळी बिल्ला लावला आणि नाना एकाच संध्याकाळी दहा वर्षांनी तरुण झाले. घरी आले ते ओसरीच्या पायरीवर उडी मारूनच. माई देवापुढे साखर ठेवून आल्या.

फाटकावर शेठनी एक पाटी लावली होती. आत चाकाची कोणतीही गाडी नेण्यास सक्त मनाई. आधीच्या गावात म्हणे कुणाची बाबागाडी फिरत्या घोड्यांखाली गेली होती. पोर कडेवर होतं म्हणून वाचलं, पण शेठनी धसका घेतला. आता तुम्ही म्हणाल, त्या काळी आमच्या रत्नागिरीत बाबागाड्या होत्या तरी किती? तर चांगल्या होत्या. आखातात गेलेले आमच्याकडचे लोक सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डर, कांबळी, अत्तराच्या बाटल्या आणि हमखास एक घडीची बाबागाडी घेऊन यायचे. खाडीकडच्या घरांतून तर ती असल्याशिवाय बारसं शोभायचं नाही. शिवाय सुतारांनी केलेले पांगुळगाडे होते, बेरिंगची चाकं लावलेल्या फळ्या होत्या.

नानांना तो नियम भलताच आवडला. एवढा स्वच्छ नियम त्यांना निवृत्तीनंतर भेटलाच नव्हता. फाटकाबाहेर एका काजूच्या झाडाखाली त्यांनी सगळ्या गाड्या ओळीनं लावायला घेतल्या. "पोर घ्या, गाडी ठेवा! प्रवासी आत, सामान टपावर!" टप कुठला तिथे? पण आयासुद्धा निमूट ऐकायच्या. मी बाळाला बाबागाडीत घालून गेले तर मला वाटलं, घरचाच माणूस फाटकावर आहे. नानांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी विनातिकीट चढले. "सूनबाई, गाडी खाली." मी म्हटलं, "अहो नाना, मी!" ते म्हणाले, "तू दिसतेस मला. चाकंही दिसतात." त्या संध्याकाळी मी ते गुटगुटीत पोर कडेवर घेऊन सगळा मेळा पाहिला, आणि घरी येऊन नानांशी बोलले नाही. नानांनी जेवताना माईंना सांगितलं, "सून शिस्तीची हाय हो. मुकाट्यानं गाडी ठेवली."

ती बाबागाडी खरं तर आमची नव्हतीच. शेजारच्या हमीदाखालाची. तिचा नवरा कुवेतला, त्यानं ती आपल्या लेकीसाठी, नज्जोसाठी आणलेली. लहानपणीच पोलिओनं नज्जोचे पाय गेले. ती मोठी झाल्यावर गाडीत मावेना, तेव्हा खालानं ती आमच्या बाळाला दिली आणि सुताराकडून नज्जोसाठी एक फळीचा गाडा करून घेतला. पाठीला टेकू, खाली बेरिंगची चाकं, ओढायला सुंभाची दोरी. त्या गाड्यावर नज्जो राणीसारखी बसायची आणि आळीतल्या प्रत्येकावर हुकूम सोडायची. मलाही सोडायची नाही. "भाभी, ती गाडी माझी हाय. नीट चालव. खड्डा बघ."

दुसऱ्याच दिवशी खाला नज्जोला ओढत फाटकावर आली. मी मागेच होते. आदल्या वर्षी एका जत्रेत तिनं नज्जोला पाठीवर घेऊन फिरवलं होतं, पण आता पोर जड झालेली आणि खालाची कंबर धरलेली. नज्जोला आकाशपाळण्यात बसायचं होतं. मेळ्याचे खांब गाडले जात होते तेव्हापासून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. नानांनी सवयीनं हात आडवा केला. "पोर घ्या, गाडी ठेवा."

"मला उचलवत नाय हो नाना," खाला म्हणाली.

नज्जोनं मान वर करून विचारलं, "नाना, मी सामान की प्रवासी?"

नानांनी आडवा केलेला हात खाली घेतला. मागे रांग ओरडत होती. नाना तसेच शेठच्या तंबूत गेले आणि उतरलेल्या चेहऱ्यानं परत आले. शेठनी साफ सांगितलं होतं, "एक गाडी आत सोडली की शंभर येत्यात नाना. सोडायची आसंल तर बिल्ला काढून ठिवा." खाला गाडा वळवून निघून गेली. नज्जो वाटभर मागे वळून आकाशपाळण्याकडे बघत होती. तिचं ते बघणं माझ्याच्यानं बघवलं नाही.

त्या दिवशी नाना जेवले नाहीत. माईंनी विचारलं, "पोट बिघडलं काय?" नाना म्हणाले, "तिकीट चुकलं." बाकी काही सांगेनात. सकाळी उठले ते थेट ट्रंकेकडे. जुना खाकी युनिफॉर्म काढला, स्वतः इस्त्री केली. पोट थोडं पुढे आलं होतं, तर बटणं लावताना माईंना आणि मला दोघींना ओढावं लागलं. माई म्हणाल्या, "श्वास घेऊ नका आता संध्याकाळपर्यंत." संध्याकाळी नाना त्या अवतारात निघाले आणि वाटेत खालाच्या दारात उभे राहून ओरडले, "नज्जो! गाडी लागली!"

काजूच्या झाडाखाली जितक्या गाड्या होत्या तितक्यांच्या आयांना नानांनी बोलावलं. सगळ्यांत पुढे नज्जोचा गाडा, मागे आमची बाबागाडी, मग इतर बाबागाड्या, शेवटी दोन पांगुळगाडे. सगळं सुंभानं एकाला एक बांधलं. प्रत्येक गाडीला तिची आई. नाना पुढे उभे राहिले, मागे वळून रांग न्याहाळली आणि म्हणाले, "नियम गाड्यांना हाय. ही एकच सर्व्हिस हाय. मधे कोण सुटणार नाय, कोण थांबणार नाय. थांबे मी सांगेन." घंटी नव्हतीच, म्हणून जिभेनंच वाजवली. "टिंग टिंग!"

आणि आम्ही निघालो! मी आयुष्यात इतकी हसले नाही. रत्नागिरीच्या माणसाला खाकीतला कंडक्टर दिसला की तो आपोआप बाजूला सरकतो, त्याला इलाज नाही. भजी खाणारे सरकले, फुगेवाला सरकला. नाना थांबे पुकारत होते, "आरसे! आरसे उतरणार?" पोरं ओरडायची, "नाय!" की "टिंग टिंग!" पावसकडचे एक म्हातारे गृहस्थ हातात छत्री घेऊन चालले होते. त्यांनी सवयीनं हात दाखवला. नाना तितक्याच सवयीनं म्हणाले, "फुल्ल हाय, मागची घ्या!" आणि म्हातारेबुवा मागची यायची वाट बघत खरंच उभे राहिले. हसून हसून माझ्या हातातून बाबागाडी सुटायची वेळ आली. खाला पदर तोंडात कोंबून चालली होती.

आकाशपाळण्यापाशी शेठ धावत आले. "अवो नाना, ह्ये काय लावलंय तुमी? बिल्ला आणा इकडं!"

नानांनी शांतपणे बिल्ला काढून त्यांच्या हातात दिला. तो बिल्ला म्हणजे त्यांना काय होता हे घरात मला आणि माईंनाच ठाऊक. पण आवाज पक्का होता. "घ्या शेठ. पण गाडी मार्गावर हाय. प्रवासी मधेच सोडून मी उतरत नाय. फेरी पुरी करतो आणि जातो."

आणि त्यांनी वाकून नज्जोला उचललं. आता हे सांगायला हवं की नानांना उंचीची विलक्षण भीती. झाडावर चढायला नको म्हणून आंबेसुद्धा ते खालूनच घळानं, म्हणजे जाळीच्या लांब काठीनं, काढायचे, घाटात गाडी असली की दरीकडच्या खिडकीला पाठ करायचे. पण पाळण्यात नज्जोला एकटी कशी बसवणार? ते तिच्या शेजारी बसले. पाळणेवाल्यानं शेठकडे पाहिलं. शेठ हातात बिल्ला धरून उभे, समोर बांधलेल्या गाड्यांची ही लांब रांग, आणि सगळी पोरं एका सुरात ओरडतायत, "टिंग टिंग! टिंग टिंग!" शेठ काही बोलायला गेले ते त्यांचंच त्यांना हसू फुटलं. "सोड की मर्दा, बघतूस काय!"

पाळणा वर गेला तसा नानांनी डोळे गच्च मिटले. आम्हाला खालून सगळं ऐकू येत होतं. "नज्जो, मी डोळे मिटलेत. काय दिसतंय ते सांग."

"दर्या दिसतोय नाना! केवढा मोठा! पूल दिसतोय भाट्याचा!"

"पुलावर गाडी हाय काय बघ. पावस असंल."

"हाय! येतेय! नाना, माझी अम्मा किती बारकी दिसते हो इथून! अम्मा, मी तुझ्यापेक्षा मोठी झाली!"

खाला खाली उभी राहून हसत होती आणि डोळे पुसत होती. मीही तेच करत होते. उतरल्यावर नाना पांढरेफटक पडले होते, पण पाय नेहमीसारखे फाकवून ताठ उभे राहिले आणि उरलेली फेरी त्यांनी पुरी केली. शेठनी आपला शब्द खाली पडू दिला नाही. फाटकावर दुसरा माणूस ठेवला, पण नानांना या गाड्यांच्या रोजच्या दोन फेऱ्या दिल्या. मेळा उठेपर्यंत आमच्या घरात जेवणाची वेळ फेरीच्या वेळेवर ठरत होती. माई कुरकुरायच्या. एक दिवस पांगुळगाड्यांच्या मागे त्याही चालताना दिसल्या.

पुढच्या थंडीत नाना गेले. सकाळी चहा पिऊन ओसरीवर बसले आणि उठलेच नाहीत. पंचक्रोशीतून माणसं आली. अर्धी तर अशी होती की ज्यांच्याशी नानांचा संबंध फक्त तिकिटापुरता. मी दारात बाळाला घेऊन उभी होते. तिरडी उचलली, मंडळी अंगणातून बाहेर पडली, तेवढ्यात खालाच्या दारातून चाकांचा खडखडाट ऐकू आला. नज्जो गाड्यावर बसून निघाली होती, खाला दोरी ओढत होती. कुणीतरी म्हातारा पुढे होऊन म्हणाला, "पोरीला कशाला नेतेस गो बाय? असं नेत नाहीत." खाला म्हणाली, "तिला जायचंय."

म्हातारा बाजूला झाला.

आळी संपते तिथे, आमच्या दारातून दिसतो असा, उतार आहे आणि सगळा दगडाचा रस्ता. माणसं झपझप पुढे गेली, गाडा एका चिऱ्याला अडला. मग नज्जोचा आवाज आला, तोच, राणीचा. "ओ, हळू चला की! मी मागे राहिले!"

मला रडता रडता हसू आलं, आणि हसता हसता मोठ्यानं रडायला आलं. माझे यजमान खांदा देत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं, बाकीच्यांनी पाहिलं, आणि उतारावर तिरडी थांबली. कुणी घाई केली नाही. नज्जोचा गाडा हळूहळू उतरून जवळ पोचला, तेव्हाच नाना पुढे निघाले.