मामांचा पाव फेरा

डिझेल गाडीचा फिल्टर बदलणं हे वीस मिनिटांचं काम आहे असं जो कोणी सांगेल, त्याच्या हातात माझ्या सासऱ्यांनी आवळलेला एक फिल्टर द्यावा आणि आपण खुशाल कॅलेंडर बघत बसावं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अंबरनाथच्या कारखान्यातली परमनंट नोकरी सोडून मी एक जुनी डिझेल व्हॅन घेतली. आधीच्या मालकाने चावी देताना डोळे पुसले. ते दुःखाने नव्हते पुसले, हे मला आठवड्याभरात समजलं.

त्या व्हॅनसाठी मी एकच काम हेरून ठेवलं होतं. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीला बारवीच्या रस्त्यावरच्या पाड्यांतली चौदा माणसं रोज पहिल्या पाळीला आणून हवी होती. सोमवारी चाचणी होती. अटी दोनच. सातचा भोंगा वाजायच्या आत गाडी गेटवर पाहिजे, आणि गाडीतून तेलाचा थेंब गळता कामा नये. कंपनीत सगळा पेट घेणारा माल. त्यामुळे गेटवरचा वॉचमन आलेल्या गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरायचा आणि पाच मिनिटं थांबायचा. कागदावर डाग पडला की गाडी परत आणि काम दुसऱ्याला. तो दुसरा उल्हासनगर कॅम्प एकचा, नव्या कोऱ्या गाडीला हार घालून तयारच उभा होता. माझं काम हुकलं असतं तर मला बायकोला घेऊन व्हॅनमध्येच संसार थाटावा लागला असता. आणि व्हॅनचं छत आमच्या चाळीच्या छतापेक्षा जास्त गळायचं.

रविवारी सकाळी रंगीत तालीम म्हणून गाडी बाहेर काढली. चिखलोलीचा चढ म्हणजे मुंगीनेही गाणं म्हणत चढावा असा. तेव्हा तिथे दोन्ही बाजूंना नुसती शेतं होती. त्या चढावर माझ्या गाडीला उचकी लागली. एक, दोन, तीन, आणि मग तिने मान टाकली. टाकीतला गंज फिल्टरमध्ये जाऊन बसला होता. थांबत, विनवण्या करत, उताराला ढकलत तिला बदलापूरला घरापर्यंत आणलं. फिल्टर बदलणं आलं.

आता फिल्टर म्हणजे काय, तर दुधाच्या पावडरीच्या लहान डब्याएवढा पत्र्याचा डबा. इंजिनाला उलटा टांगलेला, मळसूत्राने बसवलेला. खरं तर हाताने फिरवला की निघावा. पण हा डबा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, बसवला होता.

मामा बेलवलीला राहायचे, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. तीस वर्षं पाइप फिटर. त्यांच्या कारखान्यात सांधा गळला की ॲसिड गळायचं, आणि ॲसिड गळलं की माणूस जायचा. म्हणून त्यांच्या हाताला एक सवय जडली होती. सांधा पुरता आवळून झाला की वर अजून पाव फेरा. निवृत्त झाल्यावर हाच पाव फेरा त्यांनी घरी आणला. त्यांच्या घरचा नळ उघडायला सासूबाई शेजारच्या दोन पोरांना बोलवायच्या. लोणच्याच्या बरणीचं झाकण मामांनी लावलं की ते लोणचं पुढच्या पिढीसाठी.

माझ्या गाडीचा फिल्टर त्यांनी बसवला तो स्वतः बनवलेल्या चेन पान्याने. जुन्या सायकलची चेन, तिला जोडलेला हातभर लोखंडी पाइप. चेन डब्याभोवती गुंडाळायची आणि पाइपवर जोर द्यायचा. असा पाना फिल्टर काढायला असतो, लावायला नव्हे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मामांना माहीत होतं, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं.

नवा फिल्टर आणायला कॅम्प एकला गेलो. दुकानदाराने फिल्टरबरोबर एक चकचकीत पट्ट्याचा पानाही पुढे सरकवला. मी विचारलं, चालेल ना? तो म्हणाला, "साईं, ये पाना हाथी को भी घुमा देगा. बस, लगाते टाइम हाथ से लगाना." मी दोन्ही घेतलं. आमच्या गाडीत हत्ती नाही, मामांनी बसवलेला फिल्टर आहे, हे सांगायचं राहून गेलं.

परत आलो तर मामा विहारातली रविवारची वंदना आटोपून थेट माझ्या दारात. अंगावर पांढरा शुभ्र शर्ट, पांढरी पँट, हातात चेन पाना. गाडी बंद पडल्याची बातमी माझ्या बायकोने पोचवली होती. माझ्या हातातल्या पट्ट्याकडे त्यांनी असं पाहिलं, जसं लग्नात कुणी रिकामं पाकीट आहेर दिल्यावर पाहतात.

इंजिन ड्रायव्हरच्या सीटशेजारी झाकणाखाली. तिथे हात शिरायला जागा एका हाताची आणि जोर लावायचा चार हातांचा. मी पट्टा गुंडाळला, पाय डॅशबोर्डाला टेकवले आणि ओढलं. फिल्टर ढिम्म. दुसऱ्यांदा ओढलं. तिसऱ्यांदा पट्टा तुटला आणि मी उघड्या दारातून बाहेर, थेट शेजाऱ्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर. त्या कोंबड्यांनी पुढे महिनाभर अंडं दिलं नाही, असा शेजाऱ्यांचा दावा होता. माझ्या मते त्या आधीही देत नव्हत्या.

मग मामांनी चेन पाना लावला. आम्ही दोघांनी पाइप धरला. कुरकुर आवाज आला, मी आनंदलो. पण फिल्टर फिरला नव्हता, डबा चेपला होता. आता डब्याची पत्र्याची कचोरी झाली, आणि धरायला जागाच उरली नाही. शेवटी मामांनी मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि हातोडीने डब्याच्या आरपार ठोकला, म्हणजे त्याच्या दांड्याने डबा फिरवता येईल. आत डिझेल भरलेलं आहे ही गोष्ट आम्हा दोघांपैकी कोणाच्याही डोक्यात आली नाही, आणि मामांची तीस वर्षं अशाच पाइपांत गेली होती. डिझेलची धार मामांच्या पांढऱ्या शर्टावर. छातीपासून पोटापर्यंत बदलापूरचा नकाशा उमटला, उल्हास नदीसकट. मामांनी हाताने तोंड पुसलं. त्यांनी दांडा फिरवला. पत्रा फाटला, डबा हातात आला आणि मळसूत्राची कडी तिथेच राहिली. ती कडी छिन्नीने टकटक करत निघेपर्यंत दुपारची सावली गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेली होती. बायको दोनदा जेवायला बोलवून गेली. तिसऱ्यांदा तिने ताटं झाकली आणि स्वतः जेवून घेतलं.

नवा फिल्टर मी बसवला. हाताने फिरवत नेला आणि घट्ट केला. वर पाहिलं तर मामा चेन पाना घेऊन पुढे सरकत होते.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत मी मामांना एकदाही नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी दिलेलं घड्याळ बंद पडलं तरी मी ते मनगटावर वागवत होतो. पण समोर ती छिन्नी पडलेली, माझी बोटं सोललेली, आणि उद्या सातला गेट.

"मामा, पाना नको. हातानेच राहू द्या."

"तीस वर्षांत माझा एक सांधा गळला नाही, जावई."

"गळला नाही, पण उघडला तरी कुठं?"

बोलून गेलो आणि माझं मलाच वाईट वाटलं. मामांनी पाना पिशवीत घातला. "चालवा मग तुमच्या हाताने," म्हणाले, आणि जेवणाच्या ताटाकडे न बघता बेलवलीच्या रस्त्याला लागले. वाटेत विडी ओढणारी माणसं त्यांचा वास येताच बाजूला सरकत होती. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिचं ते पाहणं चेन पान्यासारखं होतं.

मी चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. अर्धा मिनिट गुरगुरली, मी बंद केली आणि स्वतःवर खूश होऊन जेवलो. पाइपात उरलेल्या डिझेलवर ती तेवढंच चालणार होती, हे मला कोण सांगणार? सांगणारा माणूस उपाशी घरी गेला होता.

सोमवारी पावणेसहाला चावी फिरवली. गाडी खोकली आणि मेली. पुन्हा खोकली, पुन्हा मेली. बॅटरीचा आवाज बसत चालला. गाडीने एअर घेतली होती. फिल्टर बदलला की आत शिरलेली हवा काढावी लागते, एवढं मी ऐकून होतो. कुठून काढतात, ते माहीत नव्हतं. पाड्यावरची चौदा माणसं सव्वासहाला रस्त्यावर येऊन उभी राहणार होती. मी चप्पल न घालता बेलवलीला पळालो. दहा मिनिटांचं अंतर मी तीन मिनिटांत कापलं. मागे लागलेला कुत्रा दमून परत गेला.

मामा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसले होते. पिशवी शेजारी. मी तोंड उघडायच्या आत उठले. "एअर घेतली ना?" एवढंच विचारलं. रात्रीपासून वाट बघत असावेत, पण ते त्यांनी मरेपर्यंत कबूल केलं नाही.

गाडीपाशी येऊन त्यांनी फिल्टरच्या माथ्यावरचा छोटा स्क्रू सैल केला आणि खालचा हातपंप अंगठ्याने दाबायला लागले. स्क्रूमधून आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला. मी चावी फिरवली आणि गाडी जागी झाली. मी त्यांच्या पाया पडणार, तेवढ्यात त्यांनी बोट दाखवलं. फिल्टरच्या कडेला, मी हाताने घट्ट केलेल्या ठिकाणी, एक थेंब लोंबत होता. आम्ही पाहत असताना तो पडला आणि दुसरा येऊन बसला.

मला ते गेट दिसलं, तो वॉचमन, तो कागद. मामांनी पिशवीला हातही लावला नाही. मलाच बोलावं लागलं.

"मामा, द्या पाव फेरा."

"पाना नको म्हणालात ना? मग नको."

त्यांनी रिकामा हात आत घातला आणि पंजाने फिल्टर धरला. तीस वर्षं पाइपांशी कुस्ती खेळलेला पंजा. त्यांच्या मानेची शीर वर आली, पत्रा कण्हला, आणि शपथेवर सांगतो, गाडी एका अंगाला बोटभर कलली. पाव फेरा पुरा झाला. थेंब थांबला.

मामा शेजारी बसले. पाड्यापाशी माणसं चढली. एका बाईने नाक धरून विचारलं, "दादा, घासलेटानं न्हालास काय रं?" मी हसलोसुद्धा नाही. सातला चार मिनिटं कमी असताना गेट आलं. वॉचमनने कागद पसरला. पाच मिनिटांत मी माझ्या सगळ्या पापांची उजळणी करून घेतली. त्याने कागद ओढला, उजेडात धरला, उलटा केला, हुंगला आणि चुरगळून फेकून दिला.

"उद्यापासून रोज," तो म्हणाला. "लेट नाय पाहिजे."

मी मामांकडे वळलो. डोळ्यांत पाणी होतं माझ्या, डिझेलमुळे असेल. मामा मात्र गाडीच्या झाकणाकडे बघत होते, एखाद्या चांगल्या कामाकडे बघावं तसे.

"जावई," ते शांतपणे म्हणाले, "पुढच्या खेपेला हा फिल्टर काढाल, तेव्हा मला काही बोलवू नका."