वरचा दात, खालचा दात

ऑफिसात तिला पाठीमागे 'प्रेशर' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. वय बावन्न, अंगाने किरकोळ, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर ती फोनवर बोलायला लागली की खाली गेटवरचा रखवालदार मान वर करून बघायचा. मी तिला ताई म्हणायचो. आमची टेबलं एकमेकांना लागून होती. ती प्रोग्राम लिहायची, आणि सगळ्यांनी लिहिलेलं नीट चालतंय का ते मी तपासायचो.

आमची कंपनी दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. रुग्णाच्या तोंडात छोटा सेन्सर धरायचा, एक्स-रे काढायचा, फोटो लगेच समोरच्या पडद्यावर. डॉक्टरांनी तो मोठा करावा, उजळ करावा, जुन्या फोटोशेजारी ठेवून बघावा.

सेन्सरकडून हा फोटो यायचा तो अगदी कच्चा. रुंदी किती, उंची किती, एका ठिपक्याला मेमरीत किती जागा, आणि ते ठिपके कुठून सुरू होतात तो पत्ता. बस. यात गोम अशी, की काही सेन्सर चित्राच्या ओळी खालून वर भरतात, काही वरून खाली. कुठली पद्धत, ते फक्त उंचीच्या आकड्याआधीच्या उणे चिन्हावरून कळतं. ते बघायचं विसरलात की चित्र उलटं. प्रत्येक ओळीच्या शेवटी थोडी रिकामी भरताड असते, ती धरायची विसरलात की चित्र तिरपं. वापरून झालेली मेमरी परत करायची विसरलात की दुपारपर्यंत दवाखान्यातला कॉम्प्युटर मान टाकतो.

आणि आमच्याकडे ज्याला फोटो हवा तो प्रत्येक जण हे सगळं आपापल्या मनाने, आपापल्या हाताने करत होता. ताईने मोजलं होतं. त्रेचाळीस जागा.

ती साहेबांकडे गेली तेव्हा मी तिथेच होतो. साहेब म्हणजे आमचे प्रमुख. माणूस गोड बोलायचा, आणि तेच ताईच्या डोक्यात जायचं.

"मला दोन आठवडे द्या," ती म्हणाली. "या कच्च्या फोटोभोवती मी एक क्लास लिहिते, म्हणजे प्रोग्रामचं एक बंद खोकंच. उणे-अधिक, भरताड, मेमरी, सगळं त्याच्या पोटात. बाकीच्यांनी फक्त विचारायचं, या ओळीतला हा ठिपका दे. मूळ पत्त्याला कुणाचा हातच पोचणार नाही."

"कल्पना छानच आहे," साहेब हसले. "पण चालतंय ना सगळं? उगाच चालत्या गाडीला रंगरंगोटी कशाला?"

"रंगरंगोटी? ब्रेक बसवतेय मी!"

"पुढच्या तिमाहीत बघू."

अशा चार तिमाह्या गेल्या. शेवटी तिने तो क्लास घरीच लिहिला, अकरा रविवार घालवून. सोमवारी आणून दाखवला की साहेब "वा!" म्हणायचे, आणि तो तसाच पडून राहायचा. जेवायच्या सुट्टीत ती डब्याचं झाकण असं आपटायची की पलीकडच्या टेबलावरचे लोक दचकायचे.

मग नवीन सेन्सर आला. हा वरून खाली ओळी भरणारा. उंचीला उणे चिन्ह.

बाकी पडद्यांवर फोटो नीट दिसत होते. पण जुना आणि नवा फोटो शेजारी-शेजारी दाखवणाऱ्या पडद्यात कुणीतरी ते उणे चिन्ह सरळ पुसून टाकलं होतं आणि ओळी खालून वर आहेत असंच धरलं होतं. तिथे नवा फोटो उलटा दिसायचा. तपासणी माझी होती. साहेब म्हणाले होते, "जुनेच फोटो चालवून बघ, वेळ नाही." मी जुनेच चालवले आणि बरोबरची खूण केली. हे मी लपवत नाही.

तीन आठवड्यांनी तक्रार आली. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी एका घड्याळजीच्या दाढा तपासल्या होत्या. वरच्या आणि खालच्या दाढा एकाच फोटोत येतात तसला एक्स-रे. कीड दोन दाढांच्या फटीत, डोळ्यांना न दिसणारी. फोटोवर ती खालच्या दाढेला दिसली. त्यांनी खालची दाढ कोरली. आत सगळं स्वच्छ, धडधाकट. कीड वरच्या दाढेला होती.

कंपनीने त्यांना उत्तर धाडलं: सॉफ्टवेअर निर्दोष असून वापरकर्त्याने फोटो चुकीच्या दिशेने हाताळला असावा.

ते पत्र ताईच्या हाती लागलं. तिने ते उभ्याउभ्या वाचलं. मला वाटलं, आता आवाज चढणार. पण ती खाली बसली, तोच फोटो तुलनेच्या पडद्यावर उघडला आणि मला बोलावलं.

"बघ."

मी बघितलं. मग मान तिरकी करून पुन्हा बघितलं.

"खालचा जबडा वर आहे," ती हळू म्हणाली. "आणि हे हरामखोर त्या पोरीला खोटं ठरवतायत."

ती साहेबांच्या खोलीत शिरली. दार बंद होतं, तरी पूर्ण मजल्याने ऐकलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, ती एक ओळ दुरुस्त करतोय आपण. पुढच्या आवृत्तीबरोबर गुपचूप जाईल."

"गुपचूप? आणि तोवर? अजून बेचाळीस जागा आहेत! कुणाच्या तोंडात काय कोरलं जातंय, तुम्ही बघायला जाणार आहात?"

"आवाज खाली कर."

"आवाजाचं सोडा! त्या डॉक्टरीणबाईंना पत्र लिहा. चूक आमची आहे, असं."

"कायद्याच्या दृष्टीने तसं लिहिता येत नाही."

ती बाहेर आली, पिशवी उचलली आणि भर दुपारी निघून गेली. मी मागोमाग गेलो. रस्ताभर ती वाटेतला प्रत्येक लोखंडी खांब हातातल्या छत्रीने ठोकत चालली.

आधी आम्ही घड्याळजीकडे गेलो; त्याचा पत्ता तक्रारीच्या कागदात होता. जिन्याखालचं दुकान, जेमतेम एका खुर्चीचं. डोळ्यातलं भिंग काढून तो म्हणाला, "दाढेचं काय, भरून निघाली. पण ती डॉक्टरीणबाई माझ्यासमोर रडली हो. माझ्या मुलीच्या वयाची. आता म्हणे कुणाची दाढ कोरायलाच तयार नाही ती. तिने दवाखाना आठवडाभर बंद ठेवलाय."

ताईने ऐकून घेतलं. "चूक तिची नव्हती," एवढंच म्हणाली आणि वळली. तिचे कान लालबुंद झाले होते.

घरी तिच्या सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. जन्मभर नर्स म्हणून काम केलेल्या, ऐंशीच्या घरातल्या, कान मात्र तिखट. ताईने सगळं सांगितलं. सांगताना स्वयंपाकघरात इकडून तिकडे येरझाऱ्या.

"उभी राहा एका जागी, मला घेरी येतेय," सासूबाई म्हणाल्या. "ऑपरेशनच्या आधी आम्ही पायावर पेनने फुली मारायचो. कुठला पाय ते कळावं म्हणून. एकदा एका डॉक्टरने फुली पुसायला सांगितली, वाईट दिसते म्हणे. मी पुसली नाही. मला दुसऱ्या वॉर्डात टाकलं. टाकलं तर टाकलं."

"आई, नोकरी जाईल माझी."

"जाऊ दे की. नाहीतरी तिथून येतेस ती फणफणतच येतेस. निदान कामाचं तरी फणफण."

ताईचे यजमान शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचे. ते दारातूनच म्हणाले, "पत्र लिहिणार असशील तर तुझी ती ठेवणीतली शिवी घालू नकोस. बाकी लिही."

ताईने पत्र लिहिलं. नवा सेन्सर वापरणाऱ्या एकशे सहा दवाखान्यांना. तुलनेचा पडदा वापरू नका, फोटो उलटा दिसतो, चूक आमच्या प्रोग्राममधली आहे, आणि ती होऊ शकेल अशा एकूण त्रेचाळीस जागा आहेत. खाली स्वतःचं नाव आणि फोन नंबर. मी म्हटलं, "तपासणी मी केली होती, माझंही नाव घाला." तिने माझ्याकडे रोखून बघितलं. मग घातलं.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना गेटवरच अडवलं. रखवालदार बिचारा खाली बघून म्हणाला, "वरून ऑर्डर आहे, ताई." आम्ही पुढचे नऊ दिवस घरी.

पण तोवर दवाखान्यांचे फोन सुरू झाले होते. अकरा जणांना तसलेच उलटे फोटो सापडले. सुदैवाने कुणी कोरलं नव्हतं. दोन मोठ्या रुग्णालयांनी कळवलं, की त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जागा दुरुस्त झाल्याशिवाय आम्ही तुमचं काही वापरणार नाही. ऑफिसातल्या कुणालाच त्या जागा ठाऊक नव्हत्या. यादी ताईकडे होती. क्लासही.

साहेबांनी तिला घरी फोन केला. मी तिथेच चहा पीत होतो.

"येते," ती म्हणाली. "पण आधी त्या डॉक्टरीणबाईंना तुमच्या सहीचं पत्र जाऊ दे. मग या मुलालाही माझ्याबरोबर आत घ्या. आणि एकदा क्लास बसला की मूळ पत्त्याला हात लावणाऱ्याचं काम मी परत पाठवणार. तुमचं असलं तरी."

पत्र गेलं. ओळींमध्ये खळखळ भरपूर होती, पण 'चूक आमची' हे शब्द होते. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना पुन्हा उघडला.

आम्ही सहा आठवडे खपलो. एकेक जागा ती बदलायची, मी प्रत्येक सेन्सरचे फोटो चालवायचो, उणेही आणि अधिकही. चित्राबाहेरचा ठिपका मागितला की क्लास थेट नाही म्हणायचा. साफ, मोठ्याने. मेमरी आपोआप परत जायची. शेवटच्या आठवड्यात यादीत नसलेली चव्वेचाळिसावी जागा सापडली, साहेबांनी स्वतः कधीकाळी लिहिलेली. तेव्हा ती पहिल्यांदा हसली, आणि तेही दातओठ खात.

काम संपल्यावर साहेबांनी सगळ्यांना जमवलं. "गुणवत्तेसाठी आपण हा निर्णय घेतला," असं ते म्हणाले. ताई खुर्ची मागे सरकवून उठली आणि निघून गेली.

मी मागोमाग गेलो. "जाऊ दे ना ताई. काम तर झालं. आता तरी शांत व्हा."

"पाच तिमाह्या लागल्या," ती म्हणाली. "आणि एका माणसाची चांगली दाढ. शांत काय होऊ?"

ती जाऊन आपल्या टेबलाशी बसली आणि एका नव्या प्रोग्रामरने पाठवलेलं काम वाचायला लागली. दोन मिनिटांत तिचा आवाज चढला.