कमानीवरची काच

शकुन, संकेत असलं काही मी मानत नव्हते. मानायचे ती फक्त स्वतःची हुशारी... आणि त्याच हुशारीत मी मांडव गावातल्या एका जुन्या कमानीवरची काच उलथन्याने खरवडून काढली!

धार संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमचे हे मांडवला जुन्या इमारतींच्या डागडुजीवर ओव्हरसियर. बिऱ्हाड एका सराईच्या दोन धड खोल्यांत, आणि समोर ती कमान — काय गार सावली! मी देवासची, मॅट्रिक पास, म्हणजे अक्कल तर ओसंडत होती. चैत्रगौरीचं हळदीकुंकू कमानीखालीच करायचं ठरवलं. कमानीला एक तडा, त्यावर आडवी चिकटवलेली बोटभर काच. म्हटलं, मजुरांचा गबाळेपणा! सकाळीच शिडी लावून उलथन्याने ती अख्खीच्या अख्खी काढली.

दुपारी जेवताना हे म्हणाले, “काच शाबूत आहे ना गं? तडा वाढला की ती तुटते. तेवढीच खूण आहे आपल्याला.”

काच तर आत फडताळात ठेवलेली! पण कबूल करेन ती मी कसली! हे गेल्यावर कणकेची खळ शिजवली नि काच होती तशी चिकटवून टाकली.

चारला बायका जमल्या. नऊजणी सतरंजीवर, हातात आंब्याची डाळ, मी पन्हं ओततेय... आणि वर ‘टण्’! पाहते तर काच मधोमध दुभंगलेली.

“उठा! सगळ्या बाहेर चला!”

“अगं, ओटी भरायची राहिलीय!” पोस्टमास्तरीणबाई हलेनात. त्यांना दंडाला धरून ओढलं. त्या बाहेर आल्या मात्र, मागे दोन दगड धाडकन सतरंजीवर!

कुणाला खरचटलंही नाही. संध्याकाळी मी रडत रडत सगळं ओकले — ह्यांच्यापुढे आणि गफूरमिस्त्रीपुढे. संस्थानाच्या काळापासून चुन्याचं काम करणारा म्हातारा तो. शिडीवर चढून त्याने काचेखाली बोट घातलं. खळ अजून ओली, लिबलिबीत!

हे चक्रावले. “भिंत हलली तरी ओल्या खळीवर काच नुसती सरकेल. तुटेल कशी?”

पुढे कितीतरी इंजिनियरांना विचारलं, त्यांत माझा नातूही आला. कुणालाच सांगता आलं नाही, मलाही नाही.

गफूरमिस्त्री मात्र खाली उतरला, बोटं पुसली, आणि मिशीत हसत म्हणाला, “सरकारी कागद में लिखा है कि अपन इन इमारतों को सँभालते हैं... लिखने दो, बाईसाब.”